हाडातला वाटाणा आणि सुईचं टोक

ताथवडे-पुनावळे भागातल्या तुमच्यापैकी कित्येकांचे आईबाबा रोज चाकण-भोसरीकडे कामाला जातात. त्यांतलं कुणी ओतकामाच्या कारखान्यात असेल, तर एक प्रश्न विचारा. ओतलेल्या धातूच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिला, तर तो भाग न फोडता कसा कळतो? क्ष-किरणांनी! १८९५ साली रॉन्टगेन यांना सापडलेले हे किरण आपल्या हाडांचाही फोटो काढतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

पण साधा एक्स-रे म्हणजे सावली; पुढचं-मागचं सगळं एकावर एक. पावाच्या चकत्या कराव्यात तसं शरीर दाखवणारा सीटी स्कॅन रुग्णासाठी प्रथम वापरला गेला १९७१ साली, लंडनला. तो बनवणारे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते बरं का, इंजिनियर होते!

आता मुद्द्याकडे. 'ऑस्टिऑइड ऑस्टिओमा' नावाची एक गाठ असते. नाव लांबलचक, गाठ मात्र बहुधा दीड सेंटिमीटरहूनही लहान. ती कॅन्सर नव्हे, पसरत नाही. पण दुखते, आणि जास्त करून रात्री. होते कुणाला? बहुतेक वेळा पाच ते पंचवीस वर्षांच्या मुलांना, म्हणजे तुमच्याच वयाला. घरचे म्हणतात, "वाढीचं वय आहे, दुखणारच!" या वाक्यावर माझा राग आहे. वाढीच्या वयातलं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी पळून जातं. एकाच जागी, रोज रात्री झोपेतून उठवणारं दुखणं वेगळं. आईबाबांनो, ते डॉक्टरांना दाखवाच.

पूर्वी ही गाठ काढायला हाड कापावं लागे. वरून ती दिसत नाही, म्हणून जरा जास्तच कापलं जाई. मग कित्येक आठवडे जपून चालायचं. १९९२ साली बोस्टनच्या रोझेन्थाल यांनी सुईचा उपाय प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही आपला असा अनुभव २०१७ साली छापला आहे.

करतात काय? मुलाला भूल देऊन सीटी यंत्रात झोपवतात. पडद्यावर बघत बघत हाडाला बारीक भोक पाडतात आणि सुई थेट गाठीत नेतात. मग वीज. सुई डाग द्यायच्या सळईसारखी तापलेली नसते. भराभर दिशा बदलणाऱ्या विजेमुळे पेशींतले विद्युतभारित कण थरथरतात आणि त्या थरथरीने उष्णता होते. सुमारे ९० अंश सेल्सिअस, साधारण सहा मिनिटं. संपलं! टोकाभोवतीचा जेमतेम सेंटिमीटरभर भाग भाजतो. म्हणूनच शेजारी मोठी नस असेल, तर डॉक्टर दहादा विचार करतात. मूल बहुधा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी जातं. क्वचित गाठ पुन्हा डोकं वर काढते, मग पुन्हा सुई.

हाडाचा खरा कॅन्सर मात्र नुसत्या सुईने जात नाही. त्याला औषधं लागतात, शस्त्रक्रिया लागते. पण दुसरीकडचा कॅन्सर हाडात पसरलेल्या आजी-आजोबांना हीच सुई दुखण्यातून सोडवू शकते. कधी उष्णतेने, तर कधी आर्गॉन वायूने टोकाशी बर्फाचा गोळा करून. पोखरलेल्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरतात, तेही १९८४ साली फ्रान्समध्ये सुरू झालं. हे सिमेंट बांधकामाचं नव्हे हं! एक प्रकारचं प्लॅस्टिकच ते. पातळ असताना आत सोडतात आणि काही मिनिटांत ते घट्ट होतं.