साठीनंतर पेटी शिकली तर स्मरणशक्ती टिकते का? जपानमधला अभ्यास नेमकं काय सांगतो

म्हातारपणी वाद्य शिका, विसरभोळेपणा पळवून लावा... अशा अर्थाचा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधीतरी आला असेल. असे दावे करताना जपानमधल्या एका अभ्यासाचा हवाला दिला जातो. अभ्यास खरा आहे. पण फॉरवर्ड होता होता त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच गळून पडते.

अभ्यास काय होता?

जपानच्या क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिल्यांदाच वाद्य शिकणाऱ्या ज्येष्ठ मंडळींना ४ महिने मेलोडिका शिकवली. मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड. या लोकांचं सरासरी वय होतं ७३. शिकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती न शिकणाऱ्यांपेक्षा सुधारलेली दिसली.

खरी गंमत पुढे आहे. संशोधकांनी ४ वर्षांनी याच मंडळींना पुन्हा गाठलं. त्यातल्या १३ जणांनी वाद्य चालू ठेवलं होतं, तर १९ जणांनी ते सोडून दुसरे छंद धरले होते. हे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले.

मग फरक कुठे पडला?

फोनवर कुणी नंबर सांगितला की तो डायल करेपर्यंत आपण डोक्यात धरून ठेवतो. ऐकलेलं असं धरून ठेवण्याची आणि त्यावर काम करण्याची ताकद सोडणाऱ्यांमध्ये घटली होती. मेंदूच्या आत खोलवर असलेला ‘प्युटामेन’ नावाचा भाग हालचाली शिकण्यासाठी आणि स्मृतीसाठी कामाला येतो. सोडणाऱ्यांमध्ये त्याचा उजवा भागही आक्रसलेला दिसला. चालू ठेवणाऱ्यांमध्ये मात्र अशी घट दिसली नाही.

म्हणजे नुसतं सुरू करून भागत नाही. टिकवावं लागतं.

हे औषध समजायचं का?

नाही. एक तर ३२ माणसं ही फार छोटी संख्या. दुसरं म्हणजे कुणी चालू ठेवायचं आणि कुणी सोडायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. ज्यांची तब्येत आधीपासूनच ठणठणीत, तेच टिकले असंही असू शकतं. शिवाय हे सगळे निरोगी ज्येष्ठ होते. त्यामुळे ‘वाद्य वाजवलं की डिमेन्शिया होत नाही’ असं यातून सिद्ध होत नाही. विसरण्याचा त्रास वाढत असेल तर आधी डॉक्टरांकडेच जायला हवं.

मग लोक सोडतात का?

मोठ्या वयात शिकताना एक विचित्र अडचण येते. कान पुढे असतो आणि बोटं मागे. ज्याने ४० वर्षं भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे ऐकलेत, त्याला स्वतःचा बेसूर लगेच कळतो. लहान मुलाला तो कळत नाही, म्हणून ते बिनधास्त वाजवत राहतं. मोठा माणूस लाजतो आणि दोन महिन्यांत पेटी माळ्यावर जाते.

वर आपल्याकडे शिकणं म्हणजे परीक्षा असं समीकरण आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही उतरंड शिस्तीसाठी चांगलीच. पण ज्याला फक्त दोन अभंग आणि एक आवडतं नाट्यगीत वाजवायचंय, त्याने ती चढलीच पाहिजे असं नाही.

टिकवायचं कसं?

आवाजाच्या प्रेमात पडून वाद्य निवडा, पण शरीरालाही विचारा. सतारीत मींड काढायला तार जोरात ओढावी लागते. बासरीला दम लागतो. पेटीत पट्टी दाबली की ठरलेला सूर मिळतो, आणि गुडघे दुखत असतील तर ती टेबलावर ठेवून खुर्चीत बसूनही वाजवता येते. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज २० मिनिटं बरी. आणि जमलं तर एखादा सोबती शोधा. भजनी मंडळात चार माणसं वाट बघत असली की रियाज आपोआप होतो.

घरच्यांचाही यात वाटा आहे. आजोबांची तीच ती ‘सा रे ग म’ ऐकून “बाबा, आता बास करा” असं म्हणणं सोपं असतं. पण जपानच्या अभ्यासातल्या त्या दोन गटांत फरक एवढाच होता, एकांनी थांबवलं आणि दुसऱ्यांनी नाही.