चाकांवरचं घर आणि ओढ्यातली घाण

दिवाळीत आम्ही चौघं छोटी कॅरावॅन भाड्याने घेऊन पुण्याहून गावी गेलो. गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. अशी पहिलीच सफर. ऑफिसातले मित्र म्हणाले, "आयटीवाल्यांचे चोचले!"

चोचले? माझ्या आईला विचारा. गावी निघायचं म्हटलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही, कारण वाटेतली स्वच्छतागृहं. गाडीत संडास असल्यामुळे यंदा पहिल्यांदाच ती रस्ताभर पोटभर पाणी प्यायली. ह्याला चैन म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

वाद पुढचा आहे. संडासाची टाकी भरली. रिकामी कुठे करायची? पेट्रोल पंपाने हात झटकले, ढाब्याने हाकललं. गाडीमालकाला फोन केला, तर म्हणतो, "साहेब, अंधार पडला की एखादा ओढा बघा." व्वा! आपली घाण खेड्यातल्या पाण्यात सोडायची आणि वर त्याला पर्यटन म्हणायचं!

महाराष्ट्राने 2021 साली कॅरावॅन पर्यटन धोरण आणलं. उत्तम. पण कॅरावॅन पार्क होतील तेव्हा होतील. आधी प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडवर स्वच्छ संडास द्या, आणि त्याच्याच टाकीत आमची टाकी रिकामी करू द्या, पैसे घेऊन. एसटीने जाणाऱ्या आयासुद्धा मग पाणी पितील.

असो. आम्ही टाकी तशीच हट्ट्यापर्यंत नेली आणि घरच्या सेप्टिक टँकमध्ये ओतली. ज्यांचं वाटेत घर नाही, ते ओढाच बघणार ना?