परक्या पंगतीत

परगावी जेवायचे कोठे, हा प्रश्न आपण प्रवासाच्या तयारीत अगदी शेवटी विचारतो आणि ‘हॉटेल असतेच’ म्हणून मोकळे होतो. माझे मत वेगळे आहे. गाव कळायचे असेल तर तेथील घरगुती खानावळीत, अनोळखी माणसांच्या पंगतीत, एकदा तरी बसावे.

सुरतेच्या लिंबायत भागात अशा खानावळी आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची पुष्कळ मंडळी भुसावळ-सुरत मार्गाने येऊन येथे यंत्रमागावर आणि साड्यांच्या धंद्यात रुळली. सुटीत मी तेथे जेवलो. घराची पुढची खोली हेच भोजनगृह. शेजारी अमळनेरचा एक गृहस्थ, समोर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला कामगार. “जेवी ले, भाऊ,” म्हणत मावशींनी शेवभाजी वाढली. आपल्याकडे “ऊटा आतेन्री?” विचारतात, तोच जिव्हाळा! आडनाव कोणी विचारले नाही, विचारले ते एवढेच, “पाळी कोणती?” कारण गरम भाकरीची वेळ त्यावर ठरते.

ही गोष्ट लहान नव्हे. याच सुरतेत 1844 साली दुर्गाराम मेहताजी आणि मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा काढली. पुढे 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. तिचे सभासद जातिभेद मोडण्यासाठी एकत्र जेवत; पण लपून! नावे फुटल्यावर सभाच मोडली. सुशिक्षितांना जे उघडपणे जमले नाही, ते पोटामागे आलेले कामगार दोन वेळा सहज करतात. आपल्या सीमाभागात मात्र बसवण्णांच्या दासोहाचा अभिमान सांगणारे आपण खानावळीच्या पाटीवर अजून जातीचे नाव वाचतो. ती शाकाहाराची खूण आहे, असे सांगतात. मग ‘शाकाहारी’ एवढेच का लिहू नये?

कोणी म्हणेल, पैसे घेतले म्हणजे आतिथ्य कसले? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी उलट म्हणेन. फुकट जेवणारा यजमानाच्या उपकाराखाली वाकतो. पैसे देणारा ताठ बसतो. ताटाची किंमत ठरली, की माणसाची किंमत करण्याचे कारण उरत नाही.

परंतु या हिशेबात एक रकाना कोराच राहतो. पीठ, तेल, गॅस यांचा खर्च मांडला जातो. पहाटे उठणाऱ्या बाईची मजुरी कोठे मांडली जाते? माग बंद पडले की पगार थांबतो, भूक थांबत नाही. मग उधारी तिच्याच माथी. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी हे ओळखले. 1975 साली त्यांनी 14 खानावळवाल्या बायकांना एकत्र करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. सावकाराच्या व्याजातून सुटलेली अन्नपूर्णाच दुसऱ्याला निश्चिंतपणे वाढू शकते.

म्हणून मित्रहो, सहलीला जाल तेव्हा अशा पंगतीत जरूर बसा. शेजाऱ्याची जात नव्हे, गाव विचारा. घासाघीस करू नका, पैसे रोख द्या. आणि भाकरी चांगली झाली असेल, तर स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगा.