उपवासाच्या उंबरठ्यावरचे पक्वान्न

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या घरोघरी थट्टेने उच्चारली जाते. स्वीडन देशात मात्र लोक व्रत सुरू होण्यापूर्वीच दुप्पट खाऊन घेत, आणि त्या रीतीतून एक गोड पाव जन्मास आला. त्याचे नाव सेम्ला.

ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ बुधवारी सुरू होतो. त्याच्या आदल्या मंगळवारी घरातील दूध, लोणी, अंडी संपवून टाकावयाची. गोव्यातील आमच्या वाचकांना हे दिवस इंत्रुजाचे म्हणून परिचित आहेतच. आषाढी अमावास्येला काही मंडळी जो पराक्रम करतात, त्याची आठवण कोणास झाल्यास आम्ही दोष देणार नाही.

‘सेम्ला’ हा शब्द लॅटिन ‘सिमिला’वरून आला; अर्थ, बारीक दळलेले गव्हाचे पीठ. त्या थंड मुलुखात राय आणि जव हीच रोजची धान्ये. ज्वारीच्या भाकरीवर वर्ष काढणाऱ्या घरात सणाला गव्हाची पोळी व्हावी, तसे पांढऱ्या पिठाचे तेथे अप्रूप होते. म्हणून नावही पिठाचेच पडले. कणकेत भरड कुटलेला वेलदोडा सढळ हाताने घालतात. हा वेलदोडा मूळचा आपल्या दक्षिणेकडील सह्याद्रीचा, हे वाचून मन सुखावते. भाजलेल्या पावाची टोपी कापून आतला थोडा गर काढतात, तो वाटलेल्या बदाम-साखरेत मिसळून पुन्हा भरतात, वर घुसळून फुगवलेली साय घालतात, टोपी बसवतात आणि पिठीसाखर भुरभुरवतात. सायीचा हा थाट मात्र विसाव्या शतकातला. जुन्या पद्धतीने हा पाव वाडग्यात गरम दूध ओतून चमच्याने खात. त्यास ‘हेतवेग’ म्हणत.

हा हेतवेग राजा अडॉल्फ फ्रेडरिकचा जीव की प्राण. १२ फेब्रुवारी १७७१ रोजी, नेमक्या त्या मंगळवारी, शेवंडे, माशांची अंडी, आंबवलेला कोबी, शॅम्पेन असे भरपेट जेवण झाल्यावर त्याने हेतवेगाचे चौदा वाडगे रिचवले, असे सांगतात. त्याच रात्री तो मरण पावला. वीस वर्षे गादीवर बसूनही खरी सत्ता संसदेच्याच हाती राहिलेल्या या राजास लोक आज ओळखतात ते त्या वाडग्यांमुळे. कीर्तीच्या वाटा विचित्र असतात!

आम्हास याहून विचार करावयास लावते ती दुसरी गोष्ट. सोळाव्या शतकात स्वीडनने ल्यूथरचा पंथ स्वीकारला. सक्तीचे उपवास मागे पडले, पाव तेवढा टिकला. आता तर नाताळ सरताच तो दुकानांत मांडला जातो. परमुलखात राहणाऱ्या आपल्या घरांतून काय चालले आहे? एकादशीची साबुदाण्याची खिचडी मुले आवडीने मागतात. तिथी विचारली तर आईच्या तोंडाकडे पाहतात. पदार्थ राहिला हेही थोडके नाही, असे काही सुज्ञ म्हणतील. आमचे समाधान तेवढ्याने होत नाही. मुलांनी विचारण्यापूर्वीच वडीलधाऱ्यांनी दोन शब्द सांगावेत.

शेजारच्या फिनलंडात बदामाऐवजी रासबेरीचा मुरंबा भरणारेही पुष्कळ, आणि खरा प्रकार कोणता यावर घरातच दोन तट पडतात. गृहिणींना हेतवेगाची चव पाहावयाची असेल, तर बेकरीतील साधा गोड बन पुरेल. त्यात बदामाचे वाटण भरावे, वाडग्यात ठेवून वरून वेलदोड्याचे कढत दूध ओतावे आणि दालचिनीची चिमूट टाकावी. माणशी एक पुरे.