कष्ट घटले, भाताचे माप कधी घटणार?



मुळशीच्या माणसाला भात सोडायला सांगणे म्हणजे माशाला पाणी सोडायला सांगणे. आंबेमोहर आणि इंद्रायणी पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. तेव्हा भात वाईट, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न मापाचा आहे.

हिशेब आपल्याला कळतो, म्हणून हिशेबानेच बोलू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आहाराची गरज ठरवून दिली. अंगमेहनतीची जड कामे करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० उष्मांक लागतात, बैठे काम करणाऱ्याला २११०. बाईच्या बाबतीत हेच आकडे २७२० आणि १६६० आहेत. शंभर ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. म्हणजे औत सोडून खुर्चीवर बसलेल्या पुरुषाची गरज जवळजवळ ३९० ग्रॅम तांदळाइतकी घटते, बाईची ३०० ग्रॅमइतकी.

आता आपल्या गावाकडे पाहा. चिखलणीला पॉवर टिलर आला. पाणी नळाने आले, दळण-कांडण गिरणीवर गेले. पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या. कुणाची जमीन गेली, कुणाचा मुलगा पहारेकरी झाला, कुणी गाडी चालवतो. लावणीचे दिवस सोडले तर घाम गाळणारे काम पुष्कळ घरांतून गेले. ताटातला भाताचा ढीग मात्र आजोबांच्या मापाचा राहिला. कष्ट गेले त्याचा भात कुठे गेला? तो पोटावर बसला.

कुणी म्हणेल, आम्ही कुठे जाडे आहोत? हे समाधान फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांना दिसले ते असे : आपले बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडमधले साडेतीन किलोचे. पण आपल्या बाळाचे स्नायू जितके कमी, तितकी चरबी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या अंगात चरबी लपलेली असते. म्हणूनच आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो. वजनकाट्याबरोबर कंबरही मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली, तर तो इशारा समजावा.

मग करावे काय? दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात पहिल्यांदा कमी करा. त्याची जागा डाळ, वालाची उसळ, पावटा, अंडे, ताक आणि पालेभाजी यांनी भरा. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी आपल्या बांधावर आणि डोंगरावर फुकट उगवतात. नाचणीची भाकरी जरूर खा. तिच्यात तांदळापेक्षा चुना आणि चोथा कितीतरी जास्त आहे. पण नाचणीतही पिष्ट भरपूर असते. नाचणी म्हणून चार भाकऱ्या हाणल्या, तर हिशेब तिथेच राहतो.

आणि भाताला दोष देण्याआधी चहा मोजा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर, २०० उष्मांक. त्यात ना जीवनसत्त्व, ना पोटाला आधार. सोबतची बिस्किटे आणि बाटलीतले थंड पेय वेगळेच.

शहरातले भात पूर्ण बंद करण्याचे खूळ मात्र गावात आणू नका. जो आजही दिवसभर खाचरात राबतो, त्याचे ताट कापणे हा अन्याय आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी पोट मारू नये. घरात भात कमी करायचा म्हणजे सुनेचे ताट कमी करायचे, असा अर्थ कुणी काढू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारूनच माप बदलावे, नाहीतर साखर एकाएकी उतरते.

आपण भात कमी खाल्ला तर भातशेतीचे नुकसान नाही का? उलट आहे. चार माणसांच्या घरात माणशी रोज १०० ग्रॅम तांदूळ वाचला तर वर्षाला १४६ किलो होतो. हा जवळजवळ दीड क्विंटल आंबेमोहर बाजारात जाईल. त्या पैशातून डाळ आणि अंडी येतील.

सरकारलाही विचारले पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्य दिले, त्याने भूक भागते. पण नुसत्या धान्याने ताट भरत नाही. त्या कायद्यात भरडधान्यालाही जागा आहे. मुळशीच्या रेशन दुकानात मुळशीच्या डोंगरावरची नाचणी रास्त भावाने खरेदी होऊन का मिळू नये? तिच्यासोबत डाळ का नको?

ही मागणी जिल्हा बैठकीत मांडूच. पण घरातल्या पातेल्यातले माप ठरवायला सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. तो निर्णय आज संध्याकाळी चुलीपाशी घेता येतो.