प्रवेशाचे नियम सातवीतच वाचा



शुक्रवारचा वर्ग सुटला की आपण पालक खाली गाड्यांपाशी घोळका करून उभे राहतो. पूर्वी तिथे सुट्टीची तिकिटे आणि हापूसची पेटी यांवर गप्पा चालत. आता एकच विषय निघतो : बारावीनंतर काय? यावर आम्हा उभयतांना जे थोडेफार कळले, आणि उशिरा कळले, ते सर्वांसमोर मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात आमचा मुलगा अकरावीत आणि मुलगी आठवीत होती. मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे, मुलीला डॉक्टर. मुलाच्या अर्जासाठी कोणते कागद लागतील ते पाहावे म्हणून आम्ही महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका उघडली. एक परिच्छेद वाचता वाचता मुलाने विचारले, "बाबा, अधिवास म्हणजे काय?" या वर्गात शिकल्यामुळे त्याला तो शब्द वाचता आला. अर्थ सांगताना मात्र आम्हीच अडखळलो. 'राहण्याचे ठिकाण' म्हणावे, तर आम्ही राहतो सालमियात. 'मूळ गाव' म्हणावे, तर तिथे तो वर्षाकाठी तीन आठवडे असतो.

आम्ही दोघेही इंजिनिअरिंग शिकलो ते १९९० च्या दशकात. तेव्हा बारावीच्या पी.सी.एम.च्या गुणांवर यादी लागे. डोमिसाइलसाठी तहसील कचेरीत चार खेपा घातल्या की काम होई. आपण कुठले, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. आमच्या मुलांना मात्र प्रवेशाच्या प्रत्येक खिडकीवर हाच प्रश्न विचारला जातो, आणि गंमत अशी की प्रत्येक खिडकीवर त्याचे उत्तर निराळे आहे.

पहिली खिडकी आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांची. 'सीआयडब्ल्यूजी' असे तिचे नाव आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार मंजूर जागांव्यतिरिक्त १५ टक्के वाढीव जागा परदेशी नागरिक, परदेशस्थ भारतीय वंशाची मुले आणि आखातातील कामगारांची मुले यांच्यासाठी ठेवता येतात, आणि त्यांतील एक तृतीयांश आपल्या मुलांसाठी असतात. एनआयटीसारख्या संस्थांत २००१-०२ पासून चालू असलेल्या 'डासा' योजनेतही हा गट आहे. त्यातून प्रवेश मिळाला तर शिकवणीशुल्क डॉलरच्या दराने न पडता देशातल्या मुलांप्रमाणे पडते. इथे प्रश्न असतो : आईवडील नोकरी कुठे करतात?

दुसरी खिडकी जेईई मेनच्या गुणवत्तेवर एनआयटीत जाण्याची. तिथल्या निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात. देशात बारावी झालेल्या मुलाचे राज्य म्हणजे जिथून तो बारावी झाला ते. परदेशात बारावी झालेल्या भारतीय मुलाचे राज्य ठरते त्याच्या पासपोर्टवरील कायमच्या पत्त्यावरून. म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीत आमचा मुलगा घरचा की बाहेरचा, हे पासपोर्टच्या शेवटच्या पानावरच्या दोन ओळी ठरवणार. पासपोर्टचे नूतनीकरण करताना त्या दोन ओळींकडे आपल्यापैकी किती जण लक्ष देतात?

तिसरी खिडकी महाराष्ट्रातील इंजिनिअरिंगची. तिथे उमेदवारांचे प्रकार आहेत. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेले ते 'टाइप ए'. ज्यांचे तसे झालेले नाही, पण ज्यांचा स्वतःचा किंवा आईचा अथवा वडिलांचा अधिवास महाराष्ट्रात आहे, ते 'टाइप बी'. हे वाचून आम्ही आजीला फोन केला. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून तिने पंचवीस वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला डोमिसाइलचा दाखला शोधला आणि त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्या एका कागदाच्या जोरावर आमचा मुलगा महाराष्ट्राचा ठरतो.

याच यादीत शेवटी 'टाइप ई' आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातील ज्या मुलांची मातृभाषा मराठी आहे, ती त्यात येतात. त्या ८६५ गावांतली मुले राहतात कर्नाटकात, शिकतात तिथेच, तरी महाराष्ट्र त्यांना आपली मानतो. हे वाचून आम्हाला बरे वाटले. भूगोलाच्या पलीकडेही नाते असते, हे निदान एका सरकारी पुस्तिकेत छापलेले आहे.

चौथी खिडकी वैद्यकीय शिक्षणाची, आणि आमचे घोडे अडले ते इथे.

२०१६ पासून 'नीट' ही देशभरासाठी एकच परीक्षा झाली. पूर्वी इथल्या मुलांना तिच्यासाठी विमानाने भारतात जावे लागे. २०२१ मध्ये परदेशातले पहिले केंद्र कुवेतलाच मिळाले, आणि हे आपल्या सर्वांच्या सोयीचे झाले. पण परीक्षा इथे देता आली म्हणून प्रवेशाचा हक्क आपोआप येत नाही. सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेवर भरतात. तिथे कोणी कुठलाही असो, नीटचा क्रमांक पाहतात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. आणि महाराष्ट्रात त्या जागांसाठी सर्वसाधारण नियम असा की अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. सरकारी नोकरीत बदली झालेल्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत. कुवेतमध्ये खासगी नोकरी करणाऱ्यांसाठी नाही.

म्हणजे पाहा, एकाच घरातली दोन भावंडे. आजीच्या ट्रंकेतला तोच दाखला. इंजिनिअरिंगच्या खिडकीवर भाऊ मराठी, वैद्यकीयच्या खिडकीवर बहीण परकी.

मुलीला हे सांगितले तेव्हा ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "मग मला हे आत्ता का सांगताय?" प्रश्न रास्त होता. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी दहावी महाराष्ट्रात हवी. दहावीच्या वर्षी शाळा बदलणे बोर्डाच्या नियमांमुळे अवघड, कारण नोंदणी नववीतच होते. म्हणून जायचे तर नववीच्या सुरुवातीला, आणि ठरवायचे आठवीत. तोवर तिची आठवी अर्धी संपली होती. मोठ्याचे कागद चाळताना योगायोगाने कळले म्हणून. नाहीतर आम्हाला हे तिच्या बारावीत कळले असते. तहान लागल्यावर विहीर खणणारे आम्ही, आणि तेही दोघे इंजिनिअर! कामावर कोणतीही प्रणाली उभी करताना आम्ही आधी अटी वाचतो, मग पहिली ओळ लिहितो. घरी मात्र तेरा वर्षे अटी न वाचताच काम चालवले.

मग तीन महिने घरात चर्चा झाली. एक मार्ग असा की आईने मुलीला घेऊन पुण्याला राहायचे, वडील आणि मुलगा इथे. आपल्या ओळखीच्या कितीतरी कुटुंबांनी हे केले आहे. दुसरा मार्ग असा की मुलीला आजीकडे ठेवायचे. तिसरा मार्ग एका हितचिंतकाने कानात सांगितला : नाव तिथल्या शाळेत घालायचे, मूल इथेच ठेवायचे, हजेरीचे 'बघून घेता येते'. या तिसऱ्या मार्गाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. डॉक्टर होण्याच्या पहिल्या पायरीवरच मुलीने खोट्या हजेरीवर सही करायची, तर पुढे ती रुग्णाच्या कागदावर काय लिहील? शिवाय अशा नावापुरत्या शाळांवर सीबीएसईने कारवाई सुरू केली आहे. पकडले जाते ते शेवटी मूलच.

उरलेल्या दोन मार्गांवर आम्ही पुष्कळ विचार केला, आणि मुलीला इथेच ठेवायचे ठरवले. कारणे सांगतो. पहिले, तेरा वर्षांच्या मुलीला डॉक्टर व्हावेसे वाटते ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो करार नव्हे. त्या एका वाटण्यापायी घर चार वर्षे दोन ठिकाणी केले, तर सोळाव्या वर्षी तिला मत बदलण्याची मुभा राहील का? आई नोकरी सोडून आली, भाऊ एकटा पडला, हे ओझे घेऊन कोणते मूल "मला आता भौतिकशास्त्र आवडते" म्हणू धजेल? दुसरे, रस्ता अरुंद झाला आहे, बंद झालेला नाही. अखिल भारतीय १५ टक्के जागा, एम्स, जिपमर हे सर्व नीटच्या क्रमांकावर खुले आहे. अभिमत विद्यापीठेही आहेत, पण तिथले शुल्क आम्हाला न परवडणारे आहे, हेही तिला आकड्यांसह सांगितले. तिसरे, मुलगी स्वतः म्हणाली, "मी इथून प्रयत्न करते. नाही जमले तर जीवशास्त्रात दुसरे काहीतरी करीन." तिचे हे म्हणणे आम्ही वहीत तारीख घालून लिहून ठेवले आहे, तिला बांधून ठेवण्यासाठी नव्हे, आमच्या आठवणीसाठी.

आमचाच निर्णय बरोबर असे आमचे म्हणणे नाही. ज्या आया मुलांसाठी परत गेल्या त्यांचे कष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. आमचा आग्रह एवढाच की जायचे किंवा राहायचे, ते ठरवून करावे. नियम न वाचल्यामुळे राहून जावे, असे होऊ नये.

आता त्या नियमाविषयी. पहिल्या दिवशी आम्हाला राग आला होता. नंतर विचार केला. नंदुरबारची किंवा गडचिरोलीची मुलगी तालुक्याच्या शाळेत दहावी-बारावी करून नीट देते. तिच्या शेजारी आमची मुलगी, जिच्याकडे स्वतंत्र खोली, शिकवणी आणि दोन इंजिनिअर आईबाप आहेत. राज्याच्या पैशावर चालणारी जागा राज्याने आधी त्या मुलीसाठी राखली, तर त्यात अन्याय झाला असे छातीठोकपणे म्हणवत नाही. इथे येण्याचा निर्णय आमचा होता. त्याचे फायदे आम्ही घेतले, तर तोटाही आम्हीच सोसायला हवा.

तरीही एक सूचना करावीशी वाटते. राज्याला जर खात्री हवी असेल की शिकलेला डॉक्टर महाराष्ट्राच्या उपयोगी पडेल, तर मुलाने दहावी कुठे केली याने ती मिळत नाही. पदवीनंतर तो कुठे काम करणार, याने मिळते. सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर होणाऱ्यांना सेवेचे बंधपत्र आहेच. मराठी आईबापांच्या परदेशात शिकलेल्या मुलांसाठी, इतर कोणाची जागा न घेता, मोजक्या वाढीव जागा ठेवाव्यात. बंधपत्र दुप्पट वर्षांचे करावे आणि ग्रामीण रुग्णाशी मराठीत बोलता आले पाहिजे अशी अट घालावी. इंजिनिअरिंगला वाढीव जागांची सोय होऊ शकते, तर तिचा विचार इथेही व्हावा. आमच्या मुलीच्या वेळेपर्यंत हे होणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आपल्यासारख्यांनी मागितलेच नाही, तर पुढच्यांसाठीही होणार नाही.

शेवटी पालकांना चार गोष्टी. मूल सातवीत गेले की एका सुट्टीच्या दिवशी माहितीपुस्तिका घेऊन बसा. पुस्तिका सरकारची वाचा, शेजाऱ्याच्या तोंडची नको. आपला डोमिसाइलचा आणि शाळा सोडल्याचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नोकरीचे पत्र, सिव्हिल आयडीच्या प्रती एका फायलीत लावा. पासपोर्टवरचा पत्ता तपासा. आणि नियम दरवर्षी पुन्हा वाचा, कारण ते बदलतात : 'डासा'साठी अनेक वर्षे 'सॅट'च्या विषय-परीक्षा चालत. २०२१ च्या जानेवारीत त्या परीक्षाच बंद झाल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षीपासून जेईई मेन आली. मधल्या मुलांची त्रेधा उडाली.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच. हे सर्व नियम तुमच्याबद्दल आहेत, म्हणून ते आईबाबांबरोबर बसून तुम्हीही वाचा. अडलेला शब्द विचारा. 'अधिवास'चा अर्थ आमच्या मुलाने शेवटी शब्दकोशात पाहिला. तिथे 'राहणे, वस्ती' असे दिले आहे. कोणत्या गावी, ते शब्दकोशात नाही. ते आपल्यालाच वेळेवर ठरवावे लागते, कागद तयार ठेवून.



— वर्गातील दोन पालक