अप्रिय सल्ल्याची किंमत

वरिष्ठांना न रुचणारा सल्ला द्यावा की मौन पाळावे, हा प्रश्न प्रत्येक अधिकाऱ्यापुढे कधी ना कधी उभा राहतोच. या संदर्भात सोव्हिएत सेनानी मार्शल गेओर्गी झुकॉव्ह यांची कारकीर्द मला फार उद्बोधक वाटते.

जोडे शिवून पोट भरणाऱ्या गरीब कुटुंबात १८९६ साली जन्मलेले झुकॉव्ह १९४१ मध्ये लाल सेनेच्या जनरल स्टाफचे प्रमुख झाले. त्याच वर्षी २२ जूनला जर्मनीने आक्रमण केले. २९ जुलैला त्यांनी स्टालिनला सांगितले, की फौजा नीपर नदीमागे घ्याव्यात आणि कीव्ह शहर सोडावे. स्टालिन संतापले. झुकॉव्ह यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिल्यानुसार, त्यांनी स्वतःच पदमुक्त करण्याची विनंती केली. पद गेले आणि राखीव आघाडीवर नेमणूक झाली. १९ सप्टेंबरला कीव्ह पडले. जर्मन आकड्यांनुसार साडेसहा लाखांहून अधिक सैनिक बंदी झाले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट जाणवते. सल्ला देण्याची किंमत सल्लागाराने एकट्याने मोजली. तो न ऐकण्याची किंमत मात्र निर्णयात ज्यांचा काहीच वाटा नव्हता, त्यांनी मोजली.

पुढे स्टालिन यांनी याच माणसाला लेनिनग्राड व मॉस्को वाचवण्यासाठी धाडले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये आपला उपसरसेनापती नेमले. झुकॉव्ह काही अचूक नव्हते. १९४२ अखेरच्या र्झेव्ह येथील चढाईत त्यांना मोठ्या हानीसह अपयश आले. म्हणून सल्ला माणूस पाहून नव्हे, त्यामागची कारणे तपासून स्वीकारायचा असतो. पण संकट सरताच स्पष्टवक्त्याची गरजही सरली. १९४६ मध्ये त्यांना ओडेसाला आणि १९४८ मध्ये उरल भागात दूरच्या नेमणुकीवर पाठवण्यात आले.

आपल्याकडे, सुदैवाने, फाइलीवर भिन्न मत नोंदवता येते. तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घेण्याची तरतूदही १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तन) नियमांत आहे. तरीही बदलीच्या भीतीने अनेक टिपणे साहेबांचा कल पाहून लिहिली जातात. नियम आहेत, पण त्यांच्या आधारे लिहिणाऱ्याला अभय देणे वरिष्ठांच्याच हाती आहे. संकटाची वाट न पाहता, शांततेच्या काळातच हे अभय मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.